पेट्रोलचे पैसे कोनं देल्ले बे?

जून १९९५, अ‍ॅमस्टरडॅम. चार माणसं आपापलं वाद्य घेऊन चार वेगवेगळ्या हेलिकॉप्टरांत चढली आणि वर आकाशात जाऊन वाजवायला लागली. दोघांकडे व्हायोलिन, एकाकडे व्हिओला, एकाकडे चेलो. एकमेकांचं कोणालाच ऐकू येत नाही, कानाला हेडफोन, त्यात ठेका, त्या ठेक्यावर हात चालवत राहायचं. खाली हॉलमध्ये प्रेक्षक, त्यांच्यासमोर स्क्रीन आणि स्पीकर, वाद्यांचा आवाज तर येतोयच पण हेलिकॉप्टरच्या पंख्यांचा आवाजपण मुद्दाम माइक लावून आत घेतलेला, कारण तोही रचनेचाच भाग. मिक्सरवर स्वतः रचनाकार बसलेले, कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन. वाजवणारे म्हणजे लंडनचं आर्डिटी क्वार्टेट, आणि उडवणारे डच हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या पथकाचे पायलट.

हे सगळं मी रविवारी सकाळी पोह्याच्या ठेल्यावर माझ्या एका मित्राला हातवारे करून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, पोह्यावर अजून थोडी तर्री टाकून घेतली आणि विचारलं, "ते सोड, पेट्रोलचे पैसे कोनं देल्ले बे?"

मी हसलो, पण नंतर घरी येताना वाटलं की याने बरोब्बर नस पकडली. अख्ख्या प्रकरणात हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. कोणी सांगितलं होतं हे करायला? कोणी मागितलं? तर मागितलं होतं ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या महोत्सवानं, १९९१ मध्ये, आणि मागितलं होतं साधंसुधं क्वार्टेट. स्टॉकहाउझन काही असल्या जुन्या साच्यात लिहिणाऱ्यातले नव्हते, मग त्यांना म्हणे स्वप्न पडलं, स्वप्नात हेलिकॉप्टरं दिसली. साल्झबर्गला ते काही जमलं नाही, तिथल्या पर्यावरणवाल्यांनी पण आक्षेप घेतला, म्हणून ते शेवटी हॉलंड फेस्टिव्हलमध्ये झालं. म्हणजे कोणीतरी मागितलं, म्हणून एका म्हाताऱ्याला स्वप्न पडलं, म्हणून चार वादक हवेत गेले. मी गेले बरेच महिने या असल्या नव्या संगीतवाल्या क्वार्टेटांच्या नादी लागलोय आणि माझं असं पक्कं मत होत चाललंय की यांची खरी कला वाजवण्यात आहेच, पण त्याच्याही आधी मागण्यात आहे.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडून द्या. दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा आणि जाड आवाजाचा व्हिओला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. अठराव्या शतकात हायडननं या चौकडीला आकार दिला, मग मोझार्ट, बेटोव्हन वगैरे सगळ्यांनी लिहिलं, आणि जगातली बहुतेक क्वार्टेटं आयुष्यभर हेच वाजवतात, त्यात वाईट काही नाही. पण काही टोळकी अशी निघाली की आम्ही मेलेल्यांचं कमी आणि जिवंत लोकांचं जास्त वाजवणार, आणि जे अजून लिहिलंच गेलं नाही ते लिहून घेणार. आपल्याकडे हा भाग डोक्यात बसायला जरा जड जातो कारण आपला गवय्या स्वतःच अर्धा रचनाकार असतो, बंदिश चार ओळींची, बाकीचा तास-दीड तास तो तिथल्या तिथे उभा करतो. तिकडे लिहिणारा वेगळा, वाजवणारा वेगळा, आणि वाजवणाऱ्यानं जाऊन दार ठोठावलं नाही तर लिहिणारा बसतो दुसरं काहीतरी करत.

आर्डिटी हे त्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. अर्विन आर्डिटी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकत होता तेव्हाच, १९७४ मध्ये, त्यानं हे सुरू केलं. तेव्हापासून त्यांच्यासाठी शेकडो क्वार्टेटं लिहिली गेलीत, १९९९ मध्ये त्यांना एर्न्स्ट फॉन सीमेन्स पुरस्कार मिळाला जो संगीतात फार मोठा मानतात. त्यांच्याकडे हेल्मुट लाखेनमानसारख्याचं संगीत असतं, ज्यात बो, म्हणजे गज, तारेवर इतका दाबायचा की सूर फुटून नुसती करकर राहील, किंवा मग तारा सोडून वाद्याच्या लाकडावरच घासायचा, आणि आपण ज्याला गोड सूर म्हणतो तो जवळजवळ येतच नाही. खरं सांगतो, बऱ्याच वेळा मला कळत नाही काय चाललंय, पण एवढं नक्की कळतं की वाजवणाऱ्या चौघांना प्रत्येक करकरीचा हिशोब माहीत आहे, आणि त्या खात्रीवरच मी बसून राहतो. बायको बसत नाही. तिचं म्हणणं की कूलरचं बेअरिंग गेलं की फुकटात ऐकायला मिळतं.

मला विचाराल तर मी क्रोनॉसवाला. क्रोनॉस क्वार्टेट.

यांची गोष्ट १९७३ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला सुरू होते. डेव्हिड हॅरिंग्टन नावाचा विशीतला व्हायोलिनवाला, व्हिएतनामचं युद्ध चालू, आणि रात्री रेडिओवर त्याला जॉर्ज क्रम यांचं 'ब्लॅक एंजल्स' ऐकू येतं. त्या रचनेवर तारीख टाकलीय शुक्रवार, १३ मार्च १९७०, आणि सोबत लॅटिनमध्ये लिहिलंय की युद्धाच्या काळात. सुरुवातच अशी आहे की माणूस दचकतो. माइक लावून आवाज फुगवलेली चार वाद्यं एकदम वरच्या टोकाला थरथरायला लागतात, त्या भागाचं नावच आहे विजेच्या किड्यांची रात्र. जुलैत पहिला पाऊस पडून गेल्यावर गॅलरीतल्या ट्यूबलाइटभोवती जे किडे जमतात ना, खिडक्या लावून घेतल्या तरी ते डोक्यातच घोंघावतात असं वाटतं, अगदी तसं. पुढे वादक काय काय करतात ते बघायचं असेल तर व्हिडिओच बघा. काचेच्या प्याल्यांत पाणी भरून, सुरात लावून, त्यांच्या काठावर बो ओढतात, म्हणजे जलतरंगाचीच भांडी, पण काठीने वाजवायच्या ऐवजी गजाने. मध्येच मोठ्या थाळ्यासारख्या टॅमटॅमवर टोले देतात. वेगवेगळ्या भाषांत आकडे मोजतात, त्यात जपानी आहे, स्वाहिली पण आहे. एका ठिकाणी व्हायोलिन हनुवटीखालून काढून सारंगीसारखं उभं धरतात आणि बो उलट्या बाजूने चालवतात, तेव्हा जो आवाज निघतो तो शेकडो वर्षं जुन्या वाद्याचा वाटतो, लांबून आल्यासारखा, आणि त्यात ऐकू येतं शूबर्टचं मृत्यूवरचं जुनं गाणं.

हॅरिंग्टननं हे ऐकलं आणि ठरवलं की हे वाजवायला आपल्याला चौकडी पाहिजे. वाजवायला क्वार्टेट होतं म्हणून रचना शोधली असं नाही, उलटं झालं.

आणि मग मागणं सुरू. पहिली रचना त्यानं मागितली केन बेनशूफ या आपल्या जुन्या शिक्षकाकडे, आणि मानधन म्हणून दिली एक पिशवी भरून डोनट. ही काही दंतकथा नाही, हॅरिंग्टन स्वतः सांगतो. (मित्राला हेही सांगितलं, तो म्हणे मग आपण पोह्यावर करून घेऊ.) तिथून सुरू झालेला सिलसिला आज हजाराच्या वर रचना आणि अरेंजमेंटपर्यंत पोचलाय. हजार! आणि यातल्या सगळ्याच चांगल्या आहेत असं अजिबात नाही, काही तर मला सरळ सरळ भुरटेगिरी वाटते, थोडं ढोल थोडं लोकगीत आणि वर तारांचा वर्ख. पण हजार वेळा दार ठोठावायचं म्हणजे काही दारामागे रिकामं घर निघणारच.

सगळ्यात भारी ठोठावणं टेरी रायलीच्या दारावरचं. इथे जरा थांबतो कारण इथे आपला संबंध येतो. रायली म्हणजे १९६४ मध्ये 'इन सी' लिहून मोठं नाव कमावलेला कॅलिफोर्नियाचा माणूस. १९७० मध्ये तो आपल्या पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, लाहोरचे, उस्ताद अब्दुल वाहिद खाँसाहेबांकडे शिकलेले, तेच ज्यांच्या संथ आलापीबद्दल जुनी मंडळी अजून हळवी होऊन बोलतात. किराणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेन, म्हणजे मिरज, कुंदगोळ, पुणे. कॅलिफोर्निया कोणाच्या डोळ्यांसमोर येतो? पण आला. रायली वर्षानुवर्षं गुरूजवळ बसून सूर लावायला शिकला आणि त्या नादात त्यानं कागदावर संगीत लिहिणं जवळपास बंदच केलं, बसून इम्प्रोव्हाइज करायचा, आपल्यासारखं. १९७८ च्या सुमारास क्रोनॉस त्याच कॉलेजात आलं जिथे तो शिकवत होता, मिल्स कॉलेज, ओकलंड. आणि हॅरिंग्टन लागला मागे, आमच्यासाठी लिही. लिहिणं सोडलेल्या माणसाच्या मागे! शेवटी रायलीनं लिहिलं, मग लिहितच सुटला, त्यातलं 'सालोमे डान्सेस फॉर पीस' तर जवळजवळ दोन तासांचं आहे. ते ऐकताना एखादा सूर असा सावकाश वळतो ना की पाश्चात्त्य कानाला तो बहुतेक नुसताच सुंदर वाटत असेल, आपल्याला मात्र माहीत असतं की हा कुठून आलाय.

स्टीव्ह राइश याच्याकडून घेतलेलं 'डिफरंट ट्रेन्स' हे दुसरं. १९८८. राइश लहान असताना आईवडील वेगळे झाले, एक न्यूयॉर्कला एक लॉस एंजेलिसला, हा पोरगा आपल्या सांभाळणाऱ्या बाईबरोबर ट्रेननं अमेरिकाभर इकडून तिकडे. ती वर्षं १९३९ ते १९४२. मोठेपणी त्याला सुचलं की मी ज्यू, याच वर्षांत मी युरोपात असतो तर मला वेगळ्याच ट्रेनमध्ये बसवलं असतं. बस, एवढाच विचार आणि त्यावर सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांची रचना. त्यानं त्या बाईचा आवाज रेकॉर्ड केला, एका म्हाताऱ्या रेल्वे पोर्टरचा केला, छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगमधले तुकडे घेतले, आणि त्या बोलण्यातले चढउतार जसेच्या तसे वाद्यांना दिले. बायकांचं बोलणं व्हिओला वाजवतो, पुरुषांचं चेलो. मागे इंजिनाची लय, भोंगे, सायरन. युद्धाच्या आधीचे भोंगे लांब आणि सुरेल, मधल्या भागात सायरन होतात.

नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपलं गाव म्हणजे रुळांची फुली आहे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्ही लायनी स्टेशनाजवळच्या डायमंड क्रॉसिंगवर एकमेकींना कापतात, अजनीकडे राहणाऱ्याला घड्याळ लागत नाही. माझी पुतणी व्हायोलिन शिकते, तिला मी हे ऐकवलं तर ती दहा मिनिटांत "यात्रीगण कृपया ध्यान दें" व्हायोलिनवर काढून मोकळी झाली. आणि गंमत म्हणजे हुबेहूब! "यात्रीगण" सपाट, "कृपया" वर उचललेलं, आणि "दें" ला खाली सोडून दिलेलं, शब्द नसतानाही घरातल्या सगळ्यांनी ओळखलं. मग आम्ही दुपारभर तेच केलं. "काय करून राह्यला बे" मध्ये सगळा जोर "राह्य" वर चढतो आणि "बे" ला धप्पकन बसतो, आणि तेच वाक्य पुण्याचा माणूस "काय करतोयस रे" म्हणतो तेव्हा शेवट वर तरंगत राहतो. वहिनी म्हणाली अभ्यास सोडून हे काय लावलंय.

क्रोनॉसची आपल्याकडची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे २००५ चा आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा अल्बम, त्यात आशाताई स्वतः गायल्या, सत्तरी ओलांडल्यावर, तबल्याला झाकीरभाई, आणि चिनी पिपा वाजवणारी वू मान. ग्रॅमीचं नामांकनपण मिळालं. लोकांना फार आवडतो. मला अर्धा आवडतो, कारण आर. डी. च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये जो वात्रटपणा आहे, तो इथे कधी कधी फार अदबीने वाजवलाय. त्यापेक्षा मी सांगेन २००९ च्या 'फ्लडप्लेन' अल्बममधला मिश्र भैरवीचा आलाप ऐका. तो पंडित रामनारायण यांचा, सारंगीवरचा, जसाच्या तसा कागदावर उतरवून घेतलेला, आणि मुख्य सूर व्हिओलावर हँक डट. सारंगीवाला नखाच्या मुळाशी तार दाबून सरकतो म्हणून ती मींड येते, व्हिओलावर बोटाच्या टोकाने ते करायचं म्हणजे दुसऱ्याच्या सह्या गिरवण्यासारखं काम, आणि काही जागा जमल्या नाहीत हेही ऐकू येतं. पण एका ठिकाणी कोमल धैवतावरून पंचमावर उतरताना तो जे थांबतो, तिथे मी हमखास हातातलं काम ठेवतो. रामनारायणजी २०२४ च्या नोव्हेंबरात गेले आणि डिसेंबरात झाकीरभाई. त्याच वर्षी डट आणि दुसरा व्हायोलिनवाला जॉन शेर्बा पंचेचाळीस वर्षांहून जास्त वाजवून क्रोनॉसमधून निवृत्त झाले. हॅरिंग्टन आहेच अजून, नव्या तिघांना घेऊन, मागत फिरतोय.

एक अजून सांगतो, मग घरच्या गोष्टीकडे येतो. न्यूयॉर्कचं जॅक क्वार्टेट, हे तरुण, २००५ चं. नाव काही खास नाही, सुरुवातीच्या चौघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडलीत. हे लोक गेऑर्ग फ्रीडरिश हास याचं तिसरं क्वार्टेट वाजवतात जे ठार अंधारात वाजवायचं असतं. ठार म्हणजे ठार, दरवाजावरचा हिरवा एक्झिटचा दिवापण झाकायचा. चौघं हॉलच्या चार कोपऱ्यांत लांब लांब बसतात, प्रेक्षक मधे. कागद दिसत नाही म्हणून सगळं पाठ. आणि पाठ काय तर सूर नाहीत, नियम. एक जण एका विशिष्ट तऱ्हेने वाजवून बाकीच्यांना बोलावतो की चला आता हे करू, बाकीच्यांना पटलं तर ते सामील होतात, नाही पटलं तर नकार देतात आणि तो पुन्हा विचारतो, किंवा दुसराच कोणी दुसरं काही विचारतो. अशी पस्तीस-चाळीस मिनिटं, कधी तासभरपण. मी हे उन्हाळ्यात रात्री लाइट गेलेली असताना गच्चीवर हेडफोन लावून ऐकलं, आणि मला आपल्या जुगलबंदीतले ते क्षण आठवले जिथे तबलजी एक तुकडा फेकतो आणि सतारिया मान हलवून म्हणतो नको, हा नको.

आता आपल्याकडे बघा. नागपुरात गाण्याला गर्दी नाही असं कोणी म्हणूच शकत नाही. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लावा, पार्किंगला जागा मिळत नाही. गल्लोगल्ली कराओके क्लब निघालेत, रिटायर्ड मंडळी सूट घालून मुकेश आणि रफी गातात, चांगलं गातात, मी पण जातो, समोसे असतात. पण या सगळ्यात कोणी कोणाला नवीन काही मागताना मी बघितलं नाही. एका आयोजकांना मी एकदा सुचवून बघितलं की पाच मिनिटं द्या, इथल्याच कोणाकडून एक नवी चाल करून घ्या, पोरं वाजवतील. ते फार प्रेमळपणे म्हणाले, भाऊ, पब्लिक उठून जाते.

जाते का खरंच? ज्या सभागृहात हे बोलणं झालं त्याच्या दारावर ज्यांचं नाव आहे त्या वसंतरावांचंच उदाहरण घ्या. ते वाढले नागपुरात, सप्रे गुरुजींकडे शिकले. आणि १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलेलं 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं कोणी, तर याच नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी. संगीत नाटकाचे दिवस संपले असं सगळे म्हणत असताना. दोन घराण्यांचं भांडण गाण्यातूनच दिसलं पाहिजे अशी गोष्ट लिहून ठेवली, मग त्या गोष्टीला दोन वेगळ्या गायकी लागणारच, त्या जितेंद्र अभिषेकींनी चालींमधून उभ्या केल्या, आणि खाँसाहेब झाले वसंतराव. ती पदं आज आपण "जुनी" म्हणून ऐकतो. तेव्हा ती कोरी करकरीत होती, आणि पब्लिक उठून गेलं नाही.

तर घरची गोष्ट. २०१५ मध्ये क्रोनॉसनं एक प्रकल्प काढला, 'फिफ्टी फॉर द फ्युचर'. पन्नास रचनाकारांकडून, पंचवीस बायका पंचवीस पुरुष, तरुण क्वार्टेटांना वाजवता येईल अशा रचना लिहून घ्यायच्या, आणि सगळ्या नोटेशनसकट इंटरनेटवर फुकट टाकून द्यायच्या. रेकॉर्डिंगपण तिथेच, ऐका, छापा, वाजवा. त्यात एक रचना झाकीर हुसेनची आहे, 'पल्लवी'. तबल्याच्या उस्तादानं चार तारवाद्यांसाठी लिहिलेली, आणि ती धरमपेठेत बसून कोणीही डाउनलोड करू शकतं. मी केली. झेरॉक्सवाल्यानं विचारलं हे काय गणित आहे का.

पुतणीच्या क्लासात सगळे आपल्या पद्धतीनं वाजवतात, सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या टाचेशी टेकवून, तारा सा-प-सा-प मध्ये. त्यांच्या सरांनी चारही कागद हातात घेतले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "भातखंडे लिपीत असतं तर आत्ता वाजवून दाखवलं असतं." पाच ओळींचं स्टाफ नोटेशन क्लासात कोणालाच येत नव्हतं. शेवटी चर्चच्या क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवणारे एक अंकल मिळाले, ते शनिवारी संध्याकाळी येतात आणि एकेक ओळ सारेगममध्ये सांगतात, पुतणी वहीत उतरवून घेते. व्हायोलिनचे दोन्ही भाग बरे चाललेत. मोजताना सुरुवातीला फार हाल झाले, मग सरांनी हातावर टाळी-खाली धरली आणि कागदावर जे भयंकर दिसत होतं ते पोरांच्या तोंडी बसलं. दोन पोरं तर आता ते तोंडानं म्हणतच सायकलवर जातात.

अडलंय व्हिओलापाशी. त्याचा कागद वेगळ्याच क्लेफमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे ओळ तीच पण सूर दुसरा, अंकल त्याला शिव्या घालत घालत वाचतात. शिवाय व्हिओलाची सगळ्यात खालची तार व्हायोलिनच्या खालच्या तारेपेक्षा पाच सूर खाली असते, ते सूर व्हायोलिनवर येणार कुठून? दुकानात विचारलं तर म्हणे व्हिओला मागवावा लागेल, आणि किंमत सांगितली ती ऐकून आम्ही पाणी पिऊन परत आलो. पुतणी म्हणाली, काका, आपण तशाही तारा उतरवूनच लावतो ना, अजून थोडी उतरवू. उतरवली. एका मर्यादेपर्यंत ठीक, त्याच्या खाली तार ढिली पडून फडफडते, आणि बो टेकला की सुराऐवजी घशात काही अडकल्यासारखा आवाज येतो. लाखेनमान साहेबांना आवडला असता. सरांनी मग त्या एका व्हायोलिनला जाडी तार चढवून बघितली, आता बऱ्यापैकी बोलतंय, फक्त ज्या पोराकडे ते व्हायोलिन आहे त्याची आई विचारते परीक्षेआधी ते पूर्ववत होईल ना.

चेलोचा भाग सध्या अंकल कीबोर्डवर चेलोचा टोन लावून वाजवतात. सूर बरोबर येतात, वेळ बरोबर येते, पण इतर तिघं बो ओढून सूर फुगवतात तेव्हा कीबोर्ड आपला एका जागी बसल्या बसल्या वाजत राहतो, आणि सर दर वेळी त्याच ठिकाणी डोळे मिटून कपाळाला आठी घालतात. त्यामुळे नागपुरात, किंवा वर्धा, भंडारा, अमरावतीकडे कोणाकडे चेलो असेल, जुना असेल, तडा गेलेला असेल, आजोबांनी कुठूनतरी आणून माळ्यावर टाकलेला असेल, वाजवता येत असेल किंवा नुसताच पडून असेल, तर खाली कमेंटमध्ये सांगा. शनिवारी संध्याकाळी घेऊन या. पोहे आमच्याकडून, तर्री पाहिजे तेवढी.